पाकिटातलं पॅड थाई: गोळा होऊ न देता

पॅड थाईचं पाकीट पहिल्यांदा आणलं तेव्हा मागे चार ओळींची कृती छापलेली होती. नूडल्स उकळा, निथळा, सॉस घाला, परता. मी ती शब्दशः पाळली. ताटात जे आलं त्यात काटा उभा राहत होता. चव ठीक होती, पण एकेक नूडल सुटी करायची म्हणजे ओला दोरा उकलण्याचं काम. त्यानंतर बरीच पाकिटं फोडली आणि लक्षात आलं, की सॉसची चव कारखान्यात आधीच ठरलेली असते. आपल्या हातात राहतं ते पाणी आणि आच. नूडल्स किती भिजवायच्या आणि कढईत एका वेळी किती घालायच्या, एवढं जमलं की साध्या पाकिटातूनही चांगलं पॅड थाई होतं. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

आधी थोडं पदार्थाविषयी, कारण नावातच कृती आहे. पूर्ण नाव ‘क्वायतिआव फात थाई’. ‘क्वायतिआव’ म्हणजे तांदळाच्या नूडल्स. हा शब्द चिनी स्थलांतरितांबरोबर थायलंडमध्ये आला. ‘फात’ म्हणजे मोठ्या आचेवर परतणं. म्हणजे चिनी नूडल्स, चिनी परतण्याची पद्धत, आणि चव मात्र थाई: चिंच, ताडगूळ, फिश सॉस, सुकी मिरची. हा पदार्थ देशभर पसरला तो फील्ड मार्शल फिबुन सोंगख्राम यांच्या काळात. ते १९३८ मध्ये पंतप्रधान झाले, १९३९ मध्ये सयामचं नाव बदलून थायलंड झालं, आणि पुढे महायुद्धाच्या दिवसांत त्यांच्या सरकारने लोकांना नूडल्स खायला आणि विकायला उत्तेजन दिलं. आज जो पदार्थ थाई म्हणून जगभर ओळखला जातो, त्याचं वय शंभरीच्या आतलंच आहे. त्यामुळे ‘अस्सल’ या शब्दाचं फार दडपण घेऊ नका.

पाकीट उघडल्यावर

बहुतेक किटमध्ये दोन गोष्टी नक्की असतात: सुक्या तांदळाच्या नूडल्स आणि सॉसची पुडी. महागड्या किटमध्ये भरडलेले दाणे, मिरचीचा भरडा, कधी सुकट किंवा खारवलेला मुळा अशा छोट्या पुड्या येतात. अंडं, टोफू किंवा कोळंबी, मोड, पात, लिंबू आणि तेल हे सगळं आपलं आपल्याला बघावं लागतं. पाकिटावरच्या फोटोत ते दिसतं म्हणून आत असेल, या भरवशावर राहू नका.

नूडल्सची रुंदी बघा. पॅड थाईला साधारण ३ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पट्ट्या लागतात. थायलंडमध्ये या कामासाठी ‘सेन चान’ नावाच्या नूडल्स नावाजलेल्या आहेत. ‘चान’ म्हणजे पूर्वेकडचा चांथाबुरी प्रांत. त्या जरा चिवट असतात आणि परतताना सहजी तुटत नाहीत. केसासारख्या बारीक नूडल्स निघाल्या तर त्या ‘सेन मी’. त्यांना भिजायला फार कमी वेळ लागतो. दोन बोटं रुंद पट्ट्या असतील तर तुम्ही बहुधा ‘फात सी इव’चं पाकीट उचललंय. तो सोया सॉसचा वेगळा पदार्थ आहे, चांगलाच आहे, पण हा नव्हे.

मग घटकांची यादी वाचा, विशेषतः घरात कोणी शाकाहारी असेल किंवा कोणाला ॲलर्जी असेल तर. सॉसमध्ये फिश सॉस असतो आणि फिश सॉस म्हणजे मासळी आणि मीठ कित्येक महिने आंबवून काढलेलं पाणी. काहींत कोळंबीही असते. बाहेर हिरवं पान छापलेलं असलं तरी आतली यादी वाचाच. दाणे, मासे, कोळंबी, सोया, अंडं या पाचही गोष्टी या एकाच पदार्थात एकत्र येतात. आणि नूडल्स तांदळाच्या असल्या म्हणून सगळं पाकीट ग्लूटेनमुक्त असेलच असं नाही, कारण सॉसमध्ये सोया सॉस असेल तर त्यात बहुतेकदा गहू असतो.

आता सॉसची पुडी फोडून थेंबभर जिभेवर ठेवा. हे कोणत्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं, पण सगळ्यात कामाचं आहे. नुसता सॉस फार तीव्र लागणार, ते गृहीत धरा. तुम्ही शोधताय तो तोल. नुसताच गोड लागला (आणि तयार सॉस गोडाकडेच झुकतात), तर एक चमचा दाट चिंचेचा कोळ काढून ठेवा. खारट वाटला तर पुढे सॉस एकदम ओतू नका. लालभडक रंगाला भुलू नका. चिंच आणि ताडगुळाचा मूळ रंग तांबूस-तपकिरी असतो. भडक लाल दिसलं तर त्यात टोमॅटो केचप किंवा रंग असण्याची शक्यता जास्त.

बाहेरून काय आणायचं

दोन माणसांच्या पाकिटासाठी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम सुक्या नूडल्ससाठी: दोन अंडी, दहा-बारा मध्यम कोळंबी किंवा १५० ग्रॅम घट्ट टोफू (किंवा दोन्ही थोडं थोडं), दोन मोठ्या मुठी मुगाचे लांब मोड, मूठभर पात, चार-पाच छोटे कांदे, दोन-तीन लसूण पाकळ्या, एक लिंबू, चार मोठे चमचे तेल आणि अर्धी वाटी भाजलेले दाणे.

पातीबद्दल दोन शब्द. थायलंडमध्ये वापरतात ती ‘गुईचाय’: चपटी, गवतासारखी पानं आणि लसणाचा वास. लसणाची कोवळी पात तिच्या सगळ्यात जवळची. ती नसेल तर कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, मात्र चव थोडी मवाळ होते. मोड मात्र लांब, पांढरे, कुरकुरीत हवेत. जेमतेम टोक फुटलेले मूग इथे दाताखाली कच्चे लागतात.

टोफू घट्टच घ्या. मऊ टोफू कढईत चुरा होतो आणि सगळ्या नूडल्सना चिकटतो. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून स्वच्छ फडक्यात दहा मिनिटं दाबून ठेवा.

दाण्यांची पुडी पाकिटात आली असली तरी मी बाजूला ठेवते आणि ताजे भाजून खलबत्त्यात ओबडधोबड कुटते. पुडीतले दाणे बहुधा मऊ पडलेले असतात. मिक्सरला लावाल तर पीठ होईल आणि ते सॉस पिऊन घेईल.

भिजवणं

इथेच बहुतेकांचं बिनसतं. माझंही इथेच बिनसलं होतं.

गव्हाच्या नूडलमध्ये ग्लूटेनची जाळी असते, ती उकळत्या पाण्यातही आकार धरून ठेवते. तांदळात ती जाळी नाही. सगळी मदार स्टार्चवर. हा स्टार्च साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी ओढून फुगतो आणि चिकट होतो. उकळत्या पाण्यात सुकी नूडल टाकली की बाहेरचा थर लगेच फुगून लेप होतो आणि गाभा अजून कडक असतो. गाभा शिजेपर्यंत थांबलात की बाहेरचा थर विरघळायला लागतो. मग हीच नूडल सॉसबरोबर पुन्हा तापलेल्या कढईत जाते. म्हणजे ती दोनदा शिजते आणि गोळा होतो.

म्हणून पाण्यात नूडल फक्त भिजवायची आणि शिजवायची कढईत. पसरट भांड्यात नूडल्स ठेवा, त्या पूर्ण बुडतील एवढं साधं, न तापवलेलं पाणी घाला. पट्टी ३ मिलिमीटरची असेल तर अर्धा तास, ५ मिलिमीटरची असेल तर पाऊण तास किंवा थोडा जास्त. घाई असेल तर हात सहज ठेवता येईल एवढं कोमट पाणी घ्या, पंधरा-वीस मिनिटांत काम होईल. त्याहून गरम नको.

घड्याळापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. एक नूडल काढा आणि तर्जनीभोवती गुंडाळा. न मोडता गुंडाळली गेली पाहिजे, पण सोडल्यावर जरा उसळून सरळ व्हायला बघायला हवी. दातांनी तोडली तर मध्ये कच्चेपणा जाणवला पाहिजे. ‘अजून पाच मिनिटं राहू दे’ असा मोह इथे होतोच. तो टाळा, आत्ताच काढा. कमी भिजलेल्या नूडलवर कढईत चमचाभर पाणी मारता येतं, जास्त भिजलेलीचं काही करता येत नाही.

चाळणीत काढून नीट निथळा, एकदोनदा झटका. खूप लांब असतील तर कात्रीने एकदा मधोमध कापा, परतताना गुंता कमी होतो. पाकिटावर ‘उकळत्या पाण्यात अमुक मिनिटं’ असं लिहिलेलं असेल तर ते बाजूला ठेवायला हरकत नाही. अपवाद एकच: आधीच शिजवलेल्या, मऊ, ओलसर नूडल्स हवाबंद पिशवीत असतील तर त्या भिजवायच्याच नाहीत, फक्त हाताने सुट्या करायच्या.

सगळं हाताशी

नूडल्स भिजतात तेवढ्यात बाकीची तयारी. कोळंबी सोलून, मधला काळा दोरा काढून, कागदाने पुसून कोरडी करा. ओली कोळंबी तेलात परतली जात नाही, वाफवली जाते. कांदा-लसूण बारीक चिरा. खारवलेला मुळा असेल तर पाण्यात एकदा खळबळून घ्या, तो फार खारट असतो. पात दीड इंचाचे तुकडे करून ठेवा. अंडी फोडून फेटायची नाहीत, तशीच शेजारी ठेवा. सॉस वाटीत काढा आणि दोन समान भाग करा. शेजारी एका वाटीत साधं पाणी आणि चमचा ठेवा. ही पाण्याची वाटी क्षुल्लक वाटते, पण पुढे तीच वाचवते.

आच लावल्यापासून ताटात वाढेपर्यंत पाच-सहा मिनिटं लागतात. त्यात कात्री शोधायला वेळ नसतो.

कढईत

पाकीट दोघांचं असलं तरी एका वेळी एकाचंच करा. कंटाळवाणं वाटेल, पण घरच्या शेगडीची आच बँकॉकच्या हातगाडीवरच्या भट्टीपुढे काहीच नसते, आणि तिथेही स्वयंपाकी एकदोन ताटांचंच करत असतो. चारशे ग्रॅम भिजलेल्या नूडल्स एकदम टाकल्या की कढईचं तापमान धाडकन उतरतं, सगळं पाणी सोडतं आणि परतण्याऐवजी उकडायला लागतं. दुसरं ताट करायला पाच मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

पसरट लोखंडी कढई किंवा वोक असेल तर उत्तम. नॉनस्टिक तवाही चालतो, फक्त तो रिकामा ठेवून धूर येईपर्यंत तापवू नका, त्याचा थर खराब होतो. लोखंडी कढई मात्र आधी चांगली तापवून मगच तेल घाला, चिकटणं निम्म्याने कमी होतं.

१. एक मोठा चमचा तेल, मोठी आच. पाच-सहा कोळंबी एका थरात ठेवा, हलवू नका. मिनिटभराने उलटा. गुलाबी होऊन वळल्या की लगेच ताटलीत काढा, नंतर परत घालायच्या आहेत. इथेच ठेवल्यात तर रबर होतील.

२. त्याच तेलात टोफू. दोन बाजू सोनेरी झाल्या की कांदा, लसूण, आणि असतील तर मुळा व सुकट. आच मध्यम करा, लसूण जळता कामा नये. वास सुटला की पुढे.

३. आता निथळलेल्या नूडल्स, अर्ध्याच. आच पुन्हा मोठी. वर लगेच सॉसच्या एका भागातला बराचसा आणि दोन मोठे चमचे पाणी. सॉस कोरड्या, तापलेल्या कढईत कधी आधी ओतू नका: त्यातली साखर तळाला धरते आणि करपते. नूडल्सवर ओता. दोन उलथणी घ्या आणि सॅलड उचलतात तसं खालून वर उचलत राहा. दाबायचं नाही, ढवळायचं नाही. सुरुवातीला सगळं ओलं आणि बेढब दिसेल. साधारण दीड-दोन मिनिटांत नूडल्स सॉस पितील, रंग धरतील, मऊ पडतील. एक खाऊन बघा. अजून कडक असेल आणि कढई कोरडी झाली असेल तर त्या वाटीतून एक चमचा पाणी, मग पुन्हा उचलणं. लागलं तर आणखी एक. एकदम अर्धी वाटी ओतू नका.

४. नूडल्स एका बाजूला सारा. रिकाम्या जागी अर्धा चमचा तेल, त्यावर अंडं फोडा. उलथण्याच्या टोकाने पिवळा बलक नुसता मोडा. लगेच नूडल्स त्यावर ओढून घ्या आणि पंधरा-वीस सेकंद काहीही करू नका. मग उलटा. अंडं असं अर्धवट जमून नूडल्सना धरतं, आणि पांढरे-पिवळे पट्टे वेगळे दिसतात. आधीच फेटून ओतलं तर सगळीकडे पसरून नूडल्सवर लेप चढतो.

५. कोळंबी परत घाला. मूठभर मोड, पात, एक मोठा चमचा दाणे. दोनतीनदा खालून वर उचला आणि आच बंद. मोड शिजवायचे नाहीत, फक्त ऊब लागली पाहिजे.

कढई कागदाने पुसून दुसरं ताट.

बिघडलं तर

नूडल्स चिकटून गोळा व्हायला लागल्या तर आच कमी करा, एक चमचा तेल आणि एक चमचा पाणी घाला, उलथण्याच्या कडेने हळूच सोडवा. याउलट तळाशी पाणी साचलं असेल तर मोठ्या आचेवर, न हलवता अर्धा मिनिट ठेवा. तुकडे तुकडे होत असतील तर त्या जास्त भिजल्या. आजचं जेवण चमच्याने खा आणि पुढच्या वेळी भिजवण्यातली दहा मिनिटं कमी करा.

गोड झालं तर काढून ठेवलेला चिंचेचा कोळ. खारट झालं तर मोड आणि अंडं वाढवा. पाणी वाढवून काही होत नाही. मिळमिळीत लागलं तर लगेच राहिलेला सॉस ओतू नका, आधी लिंबू पिळून बघा. बरेचदा तेवढंच कमी असतं.

शाकाहारी करणाऱ्यांनी फिश सॉस नसलेलं पाकीट घेतलं की त्याची खोली थोडी कमी पडते. हलका सोया सॉस चमचाभर आणि टोफू जरा जास्त लाल परतलेला, याने ती बऱ्यापैकी भरून निघते.

ताटात

थायलंडमध्ये पॅड थाई स्वयंपाक्याच्या हातून पूर्ण तयार होऊन येत नाही, शेवटचा हात खाणाऱ्याचा असतो. शेजारी कच्चे मोड, पातीच्या काड्या, लिंबाची फोड, कधी केळफुलाचा कापलेला तुकडा येतो. नूडल्सच्या दुकानांत टेबलावर बहुधा चार गोष्टींचा डबा असतो: साखर, फिश सॉस, सुक्या मिरचीची पूड आणि व्हिनेगरमध्ये घातलेली मिरची. म्हणून कढईतलं पॅड थाई फार तिखट नसतं, तिखट ज्याने त्याने घ्यायचं. पाकिटातली मिरचीची पुडी कढईत रिकामी करण्याआधी हे आठवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. उरलेले दाणे वरून, लिंबू खाताना.

दोनदा नीट जमलं की ‘हो खाई’ करून बघा, म्हणजे अंड्यात गुंडाळलेलं. बँकॉकच्या महाचाई रस्त्यावरचं थिप समाई हे उपाहारगृह त्यासाठी प्रसिद्ध आहे. चौथी पायरी गाळायची, नूडल्स अंड्याशिवाय करायच्या. मग मोठ्या तव्यावर दोन अंडी फेटून कागदासारखं पातळ आम्लेट पसरायचं, मध्ये नूडल्स ठेवून चारही बाजू दुमडायच्या आणि ताटात उलटं करायचं. माझं अजूनही दरवेळी एका कोपऱ्यात फाटतं. ती बाजू भिंतीकडे ठेवते.

उरलं तर दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा, शिजलेला तांदूळ बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. दुसऱ्या दिवशी नूडल्स कडक, तुटक झालेल्या दिसतील, कारण थंडीत स्टार्च पुन्हा घट्ट होतो. तव्यावर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून मध्यम आचेवर चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. मोड मात्र ताजे घाला, कालचे तोवर लोळागोळा झालेले असतात.